माझी पालकभेट वही

आमच्या शाळेत माझ्या पालकभेट वहीचं फार कौतुक होतं. तपासणीला साहेब आले की मुख्याध्यापक सगळ्यात आधी तीच पुढे करत. साहेब पानं उलटत, मान डोलावत, आणि बाकीच्या शिक्षकांकडे असं बघत की त्यांना जमिनीत शिरावंसं वाटे. मला ते आवडायचं, हे आधीच कबूल करून टाकते. चांगलं म्हणवून घ्यायची हौस होती मला. त्या हौसेपायी पुढे जे झालं त्याची लाज वाटते, आणि संतापही येतो, तो निम्मा माझ्यावर आणि निम्मा इतरांवर. वाटणी अजून नीट झालेली नाही.

शाळा पिंपरीत, पत्र्याच्या सहा खोल्यांची. एका लहानशा संस्थेची. आजूबाजूला वसाहती उठत होत्या, आज मोकळं दिसलेलं रान पुढच्या महिन्यात तारेच्या कुंपणात गेलेलं असायचं. मुलं सगळी कामगारांची. कुणाचा बाप फाउंड्रीत, कुणाचा भोसरीच्या वर्कशॉपात, कुणी अजून नुसताच गेटवर उभा राहून वाट बघणारा. मी चिंचवड गावठाणातून यायची. तेव्हा सव्वीस वर्षांची होते, पहिलीचा वर्ग माझ्याकडे होता आणि तोच वर्ग मी पुढे दुसरीत नेला.

नियम असा होता की वर्गशिक्षकानं प्रत्येक मुलाच्या घरी सत्रातून एकदा जायचं आणि वहीत नोंद करायची. बाकीचे शिक्षक ही वही एका दुपारी स्टाफरूममध्ये बसून उरकत. ‘घर स्वच्छ. पालक समाधानी.’ पुढच्या पानावर पुन्हा तेच. एका गुरुजींनी तर घर पावसात वाहून गेलेल्या मुलाच्या पानावरही ‘घर स्वच्छ’ लिहिलं होतं. मी त्यांना हसायची. आता वाटतं, त्या कामचुकार माणसानं आयुष्यात कुणाचं वाईट केलं नाही.

मी मात्र खरोखर जायची. शाळा सुटली की पर्स काखेला मारून वसाहतीत शिरायची. घरात दोनच खुर्च्या असल्या तर त्यातली एक मला मिळायची. घरचे पेल्यातून चहा पीत आणि मला कपबशी येई, ती कधीकधी शेजारून आणलेली असे. बायका बोलत. इतकं बोलत की मला वाटायचं, ह्यांना गावाहून इथं आणून टाकल्यापासून कुणी काही विचारलेलंच नाही. कुणाचा नवरा पगाराच्या दिवशी कुठून घरी येतो, कुणाच्या सासूला क्षयाचं औषध चालू आहे, कुणाचा दीर युनियनच्या सभेत पुढे बसतो, सगळं मला ऐकायला मिळे. मी मान हलवत ऐकायची आणि घरी जाऊन लिहायची.

वहीत छापलेले रकाने पाचच होते. शेवटचा ‘शेरा’. माझा शेरा त्या रकान्यात मावायचा नाही म्हणून मी कागद डकवायची. निळ्या शाईनं मजकूर, लाल शाईनं महत्त्वाचं. बाप रात्रपाळीला असलेल्या मुलाला सकाळी झोप का येते, आई माहेरी निघून गेलेली मुलगी दुपारी का रडते, हे मला कळायला हवं, असं माझं म्हणणं. ते चूक नव्हतं. पण कळणं वेगळं आणि लिहून ठेवणं वेगळं, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. मला शिकवणाऱ्यांपैकी कुणाच्याही आलं नव्हतं.

एकानं मला टोकलं होतं, तेवढं सांगते. आमच्या शाळेमागच्या चाळीत राहणारे एक गृहस्थ, वर्गातल्या एका मुलाचे वडील, बौद्ध, मशीन शॉपला होते. मी वहीत जात विचारली तेव्हा ते म्हणाले, “बाई, ती शाळेच्या रजिस्टरात लिहिलीय ना? मग परत ह्या वहीत कशाला?” मी म्हटलं, रकाना आहे. ते म्हणाले, “रकाना आहे म्हणून भरायचा का?” मी हसून म्हटलं, “अहो, शाळेबाहेर थोडीच जाणार आहे ही वही.” त्यांनी पुढे वाद घातला नाही. जात सांगितली आणि आत निघून गेले. त्या घरी मला पुन्हा चहा मिळाला नाही आणि मी मनात म्हटलं, काय तिरसट माणूस आहे.

आता त्या मुलीचं सांगते, जिच्यासाठी हे लिहायला बसले.

ती जूनमध्ये पहिलीत आली. आई बरोबर होती. मराठवाड्यातून दोन-तीन वर्षांपूर्वी आलेली, हडकुळी, डोक्यावरचा पदर दर मिनिटाला नीट करणारी बाई. मी प्रवेशाचा कागद पुढे घेतला आणि वडिलांचं नाव विचारलं. नवऱ्याचं नाव घेणाऱ्यातली ती नव्हती. तिनं मुलीच्या पाठीला हात लावला, “सांग गं बाईला, बापाचं नाव.” मुलीनं आईकडे पाहिलं. “खरं सांग,” आई म्हणाली. मुलीनं खणखणीत सांगितलं आणि मी लिहून घेतलं. ‘खरं सांग’ हे जरा विचित्र वाटलं, पण रांग मोठी होती.

दिवाळीच्या आधी मी त्यांच्या घरी गेले. एक खोली, मोरी आत. मुलीचा बाप पाळीवरून आला होता, तोंड धूत होता. ठेंगणा, रुंद खांद्यांचा, बोटांच्या पेरांत तेल कायमचं बसलेला. लेथवर होता. तेवढ्यात दारातून शेजाऱ्यानं त्याला हाक मारली, ती दुसऱ्याच नावानं. तो ‘आलो राव’ म्हणून बाहेर गेला. मी बायकोकडे पाहिलं. मी विचारायला नको होतं. माझ्या चेहऱ्यावर मात्र प्रश्न असावा, कारण तिनं आपणहून दार लोटून घेतलं आणि माझ्याजवळ येऊन बसली.

तिनं सांगितलं ते असं. कंपनीचं कॉल लेटर खरं तर तिच्या थोरल्या दिराला आलं होतं. नववी झालेला तो एकटाच घरात. नोकरी लागल्याशिवाय लग्न करायचं नाही म्हणून थांबलेला. कागद आला आणि आठ दिवसांत कावीळ होऊन तो गेला. सुतक फिटायच्या आत घरातली माणसं कागद मध्ये ठेवून बसली. दुष्काळानं खायचे वांधे होते. शेवटी सासूनंच थोरल्याचा शाळेचा दाखला पेटीतून काढला आणि धाकट्याच्या, म्हणजे हिच्या नवऱ्याच्या, हातात दिला. धाकटा चौथीतून शाळा सोडलेला. म्हणाली, तू जा, तूच तो. तो आला, थोरल्याच्या नावानं कामाला लागला, काम शिकला, परमनंट झाला. पहिले चार महिने कुणी हाक मारली तर त्याला वळून बघायचं सुचायचं नाही.

“हे म्हणत होते, शाळेत पण तेच नाव लावू,” ती म्हणाली. “कंपनीत न् शाळेत एकच राहील, घोटाळा नको. म्या म्हणलं, न्हाई. मेलेल्या दिराचं नाव माझ्या लेकीच्या बापाच्या जागी? लोकाच्या तोंडी राहू द्या. कागदावर माझ्या लेकीला तिचाच बाप पायजे. दोन दिस बोलले न्हाईत माझ्याशी. मग हूं म्हणले.”

मुलगी तिथंच पाटीवर काहीतरी गिरवत बसली होती. आईनं तिला शिकवून ठेवलं होतं की शाळेत बाई विचारतील तर हे नाव सांगायचं, वस्तीत कुणी कंपनीतलं विचारेल तर ते. सहा वर्षांची पोर. तिनं दीड वर्षात एकदाही चूक केली नाही.

“तुमाला म्हणून सांगितलं, बाई,” ती म्हणाली. “तुमच्या पोटात राहू द्या.”

मी तिचा हात दाबला. खरंच मनापासून दाबला. माझे डोळे भरून आले होते. आणि घरी जाऊन जेवण झाल्यावर मी वही उघडली आणि लिहिलं: ‘पालकाचे खरे नाव वरीलप्रमाणे. कंपनीत, काविळीने मयत झालेल्या थोरल्या भावाच्या नावे व दाखल्यावर कामास. शिक्षण चौथी. मातेने विश्वासाने सांगितले. गोपनीय.’ गोपनीय हा शब्द लाल शाईनं लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या. त्या वेळी मला वाटलं की तेवढ्यानं ते गोपनीय झालं.

का लिहिलं? पुढे एखादं कंपनीचं पत्र आलं, फीमाफीचा कागद आला, नाव जुळलं नाही तर घोळ व्हायला नको, पुढच्या वर्गशिक्षकाला माहीत असावं, अशी कारणं मी स्वतःला कितीतरी वेळा दिली आहेत. खरं कारण एवढंच की माझ्या वहीत मोकळी जागा राहिलेली मला बघवत नसे.

मुलं दुसरीत गेली त्या वर्षी एका कंपनीनं आमच्या शाळेला बाकं द्यायचं कबूल केलं. तोवर मुलं सतरंजीवर बसत, आणि सतरंजी पहिल्या दोन रांगांनाच पुरे. शिवाय कंपनीतल्या कामगारांच्या मुलांना गणवेशाचं कापड आणि वह्या मिळणार होत्या. मुख्याध्यापक हवेत होते. त्यांनी शिपायाकडून मैदानातले दगड वेचून घेतले. ज्या दिवशी कंपनीचे कल्याण अधिकारी येणार होते त्या दिवशी मला म्हणाले, “बाई, साडी जरा बरी नेसा.”

अधिकारी तरुण होते, माझ्याहून दोनतीन वर्षांनी मोठे असतील. स्कूटरवरून आले. आवाज हळू, वागणं अदबीचं. मला ‘मॅडम’ म्हणाले, तोवर मला कुणी मॅडम म्हटलं नव्हतं. त्यांच्याकडे कामगारांची टाइप केलेली यादी होती. आमच्या हजेरीपटाशी ती ताडून बघायची होती, म्हणजे कुठलं मूल त्यांच्या कामगाराचं ते ठरेल. पण आडनावं सारखी, गावं सारखी, काम पुढे सरकेना.

“नुसत्या हजेरीपटानं नाही भागणार,” मुख्याध्यापक म्हणाले. “आमच्या बाईंची वही बघा साहेब. घरन्‌घर लिहिलंय त्यांनी.” आणि माझ्याकडे वळून, “द्या हो ती वही.”

मनात पाल चुकचुकली, नाही असं नाही. मी म्हटलं, “सर, त्यात घरगुतीही बरंच आहे.” ते म्हणाले, “मग? साहेब काय परके आहेत? कामगार त्यांचे, मुलं आपली. माहिती काय कुणाच्या बापाची आहे?” आणि हसले. अधिकारीही हसले. मग मीही हसले. कपाट उघडून वही काढली आणि टेबलावर ठेवली.

ते पानं उलटू लागले. एक एक नाव जुळत गेलं. मी शेजारी उभी राहून बोटानं दाखवत होते. मधेच ते एखाद्या डकवलेल्या कागदापाशी थांबत, वाचत, पुढे जात. “फारच पद्धतशीर आहात तुम्ही,” म्हणाले. माझी कानशिलं गरम झाली होती, भीतीनं नाही, आनंदानं.

त्या मुलीचं नाव आलं. त्यांनी यादी वरखाली पाहिली. “ही आमच्यात नाही. खोडतो.” पेन कागदाला टेकलं होतं. मुलगी समोरच्या वर्गात पहिल्या रांगेत बसलेली मला दिसत होती. तिचा गणवेश पाठीवर दोनदा शिवलेला. बाकीच्यांना नवं कापड मिळणार आणि हिला नाही, तेही नाव जुळत नाही एवढ्यासाठी, हे मला सहन होईना. मी म्हटलं, “नाही नाही, तिचे वडील तुमच्याकडेच आहेत.”

“ह्या नावाचं कुणी नाही.”

“नाव वेगळं आहे,” मी म्हटलं. आणि मी, माझ्या हातानं, पान उलटून तो डकवलेला कागद त्यांना उघडून दाखवला. लाल अक्षर वरच होतं. त्यांनी वाचलं. पुन्हा वाचलं. मला म्हणाले, “बरं झालं सांगितलंत. नाहीतर बिचारीवर अन्याय झाला असता.” यादीत त्यांनी तिच्या नावासमोर खूण केली. मग मुख्याध्यापकांना म्हणाले की वही दोन दिवस नेतो, टाइप करून घेतो. मुख्याध्यापकांनी ती स्वतः वर्तमानपत्रात गुंडाळून दिली.

वही दोन दिवसांनी परत आली, तशीच व्यवस्थित. कापडही आलं. वाटपाला छोटा कार्यक्रम झाला. ती मुलगी स्टेजवर गेली, नमस्कार करायचा विसरली, परत वळून नमस्कार करून आली. आठवड्यात तिनं नवा गणवेश शिवून घातला. पुढे वाढ व्हावी म्हणून आईनं स्कर्टाला चांगली चार बोटं दुमड ठेवली होती.

त्यानंतर महिनाभरानं असेल. मुलं वर्गात पाढे म्हणत होती आणि ती गप्प होती. मी जवळ गेले. म्हणाली, “बाई, बाबा आता घरीच असतात.” मी विचारलं, पाळी बदलली का? तिनं मान हलवली, नाही.

मी संध्याकाळी गेले. तो भिंतीला टेकून बसला होता. बायको मोरीपाशी भांडी घासत होती, तिनं ‘या’ म्हटलं पण उठली नाही. मी न विचारताच तो बोलायला लागला. आदल्या आठवड्यात पाळी सुरू व्हायच्या आधी गेटवरच त्याला बाजूला घेतलं. ऑफिसात नेलं. टेबलावर एक टाइप केलेला कागद होता.

“त्यांनी वाचून दाखवलं, बाई,” तो म्हणाला. “माझं नाव, भावाचं नाव. काविळीनं गेला ते. चौथी शिकलो ते. सगळं. मी म्हटलं, साहेब, काम बघा माझं. लेथवर उभं करा आन् बघा. माझा एक नग नापास होऊन परत आलेला न्हाई. ते म्हणले, कामाबद्दल तक्रार न्हाई, पण तू तो न्हाईस. सही घेतली आन् गेटपास काढून घेतला.”

युनियनच्या माणसाकडे तो गेला होता. त्यानं डोक्याला हात लावला. म्हणाला, भावा, रजिस्टरावर जो आहे तो मेलाय, आणि तू रजिस्टरावरच नाहीस, आता मी कुणासाठी भांडू? पोलिसात देत नाहीत ह्यात सुख मान, असंही सांगितलं.

“त्यांना कळलं कसं, हेच समजंना,” तो म्हणाला. “गावाकडचं कुणी इथं न्हाई. वस्तीत कुणाला ठाव न्हाई. आईनं पेटीतून दाखला काढला ते सुदिक विचारलं मला. म्हणजे, दाखला घरातूनच दिला का, असं.”

दाखला पेटीतून सासूनं काढला, हे मी वहीत लिहिलं नव्हतं. पण घरच्यांनी दाखला दिला हे मी त्या दिवशी तोंडानं सांगितलं असणार, कौतुकानं, बघा कशी माणसं आहेत म्हणून. मला नीट आठवत नाही. आठवत नाही म्हणते, पण सांगितलंच असणार.

मोरीपाशी भांड्याचा आवाज थांबला होता. त्याच्या बायकोनं वळून माझ्याकडे पाहिलं. तिला कळायला वेळ लागला नाही, सांगितलं होतं तिनं एकटीनं, आणि तेही मला एकटीलाच. पण ती नवऱ्यासमोर काही बोलली नाही. का, ते मला पुढे सुचलं. सांगितलं तर तिनंच होतं. माझं नाव घेतलं असतं तर स्वतःचंही घ्यावं लागलं असतं.

मीही मूग गिळून बसले. चहा आला, तो मी प्यायले. कपबशीच होती त्याही दिवशी. एवढा वाईट चहा मी आयुष्यात प्यायले नाही, आणि चहात काही कमी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांच्या खोलीत गेले. मी रडत होते म्हणून त्यांनी दार लावून घेतलं. सगळं ऐकलं. मग म्हणाले, “बाई, तुम्ही खोटं लिहिलं का?” मी म्हटलं, नाही. “त्यानं खोटं केलं का?” मी पदरानं डोळे पुसले. “मग तुम्ही कशाला अंगाला लावून घेता?” मी म्हटलं, वही शाळेची होती, ती बाहेर द्यायला नको होती, तुम्ही कंपनीला पत्र लिहा की ती माहिती शाळेला दिलेली होती, तुम्हाला वापरता येणार नाही. त्यांना खरोखरच माझं बोलणं कळलं नाही. चोरीचा माल सापडला तर तो कुठल्या खिडकीतून दिसला ह्यावर कोण भांडतं, असा त्यांचा चेहरा. म्हणाले, “पुढच्या आठवड्यात बाकं येतायत. आता कसलं पत्र?”

मग मी कंपनीत गेले. पाऊण तास गेटवरच्या बाकावर बसवलं. अधिकारी स्वतः बाहेर आले, चहा मागवला. माझ्याशी अतिशय चांगलं बोलले, आजवर त्याचाच मला जास्त राग आहे. म्हणाले, “मॅडम, माझ्या हातात नव्हतं. कागद माझ्या टेबलावर आला की मला वर पाठवावा लागतो.” मी म्हटलं, कागद तुमच्या टेबलावर आला नव्हता, तुम्ही आणला होता. गणवेशासाठी आणला होता. ते म्हणाले, “गणवेश दिला की आम्ही. तिचा परत मागितला का?” आणि मी निघताना म्हणाले की वही चालू ठेवा, पुढच्या वर्षी यादी करायला फार सोपं जाईल.

त्या टाइप केलेल्या कागदांचं पुढे काय काय झालं ते मला सगळं माहीत नाही. ज्या घरात क्षय होता त्या घरातल्या मुलाला कुणी रजेवर गेलं की कंपनीत बदली कामावर घेत होते, ते बंद झालं. तो योगायोग असेल. जो दीर युनियनच्या सभेत पुढे बसायचा त्याला दूरच्या खात्यात टाकलं. तोही असेल. रस्त्यानं जाताना लोक मला पूर्वीसारखेच ‘या बाई’ म्हणत. त्यांना माहीत नव्हतं, आणि मी एकाही दाराशी जाऊन सांगितलं नाही की तुमचं जे मला सांगितलंत ते आता फाइलीत आहे. फक्त त्या बौद्ध गृहस्थांच्या घरी गेले. त्यांना सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले. ओरडले असते तर बरं झालं असतं. “लिहिलेलं कुठं कुठं जातं, ते आम्हाला आधी कळतं, बाई,” एवढंच म्हणाले.

बाकं आली. मुलं पहिल्यांदा बाकावर बसली ती इतकी खूश झाली की दिवसभर उठाबशा काढल्यासारखी उठबस करत होती. प्रत्येक बाकाच्या पाठीवर पांढऱ्या रंगात कंपनीचं नाव होतं. ती मुलगीही त्याच बाकावर बसायची. मला वर्गात तिच्याकडे बघवत नसे, म्हणून मी तिला दुसऱ्या रांगेत हलवलं. असाही एक अन्याय मी तिच्यावर केला.

सहामाही परीक्षेनंतर तिची आई दाखला मागायला आली. मुलगी बरोबर होती, त्याच गणवेशात. ती खोली सोडून ते चालले होते. भोसरीकडे एका शेडमध्ये त्याला काम लागतंय, रोजंदारीवर, एवढंच वस्तीतून माझ्या कानावर आलं होतं. तिथं कुणी दाखला मागत नव्हतं.

मी जनरल रजिस्टर काढून दाखला लिहायला घेतला. ती समोर उभी राहिली, बस म्हटलं तरी बसली नाही. दाखला लिहून झाला, मुख्याध्यापकांची सही झाली, शिक्का झाला. तिनं तो घडी न करता हातात धरला.

“काय काय लिहिलंय, वाचून दाखवा,” ती म्हणाली.

मी वाचलं. मुलीचं नाव, बापाचं नाव, आईनं हट्टानं लावून घेतलेलं. जात. जन्मतारीख. प्रगती चांगली. वर्तणूक चांगली. शाळा सोडल्याचं कारण, पालकांचं स्थलांतर.

“अजून?”

“एवढंच असतं.”

“आन् वहीत?”

मी कपाटातून वही काढली, तिचं पान उघडलं आणि पट्टी धरून डकवलेल्या कागदासकट फाडलं. वहीचं पान फाडणं म्हणजे मेमो, हे मला माहीत होतं. मिळाला पुढे, माझ्या नोकरीतला एकमेव मेमो. तिनं ते पान घेतलं, त्यावरचं लाल अक्षर बघितलं. तिला वाचता येत नव्हतं.

“हे काय हाय?”

“गोपनीय,” मी म्हटलं. “म्हणजे कुणाला सांगायचं नाही.”

तिनं त्या अक्षराकडे पुन्हा एकदा पाहिलं. “मग लिहिलं कशापायी?”

मी म्हटलं, “विसरू नये म्हणून.”

“तुमाला इसरायलाच सांगितलं होतं मी,” ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला तिचे पाय धरता आले असते.

मला काहीतरी करायचं होतं. नव्या शाळेतल्या बाईंना एक चिठ्ठी द्यावी, मुलगी हुशार आहे, सांभाळून घ्या, एवढंच लिहावं. मी खाली वाकून मुलीला विचारलं, “कुठल्या शाळेत जाणार गं तू आता?”

तिनं तोंड उघडलं. मग आईकडे पाहिलं, आणि माझ्याकडे पाहून अगदी नीट, मी वर्गात शिकवलं होतं तसं हात पाठीशी बांधून म्हणाली, “मला माहीत नाही, बाई.”

आईनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि दोघी पायरी उतरून गेल्या.